आगटीचे इवाई

‘तिकडं’ म्हणताना माणसं हात लांब करतात. आमच्या गावातले बोटवाले नावाचे गृहस्थ ‘तिकडं’ म्हणताना पायाचा अंगठा जमिनीवर आपटायचे. ब्राझील नावाचा देश पृथ्वीच्या पाठीमागे, म्हणजे आपल्या पायांच्या बरोबर खाली आहे, असं त्यांना बोटीवरच्या कुणीतरी सांगितलं होतं आणि ते त्यांनी कायमचं धरून ठेवलं होतं. त्यामुळे “तिकडं मान्सं लई मायाळू” असं ते बोलले की समोरचा माणूस नकळत खाली बघायचा.

आमचं गाव मुळशी तालुक्यातलं, रिह्याच्या खोऱ्यात. बोटवाले मूळचे इथले नव्हेत. त्यांचं गाव मुळशीच्या धरणाच्या पाण्यात गेलं, तेव्हा मिसरूड फुटायच्या वयात ते मुंबईला गेले, गोदीत लागले, तिथून बोटीच्या भट्टीत कोळसा टाकायच्या कामावर चढले. ब्राझीलच्या एका बंदरात तापाने पडले. बोटीने त्यांना दवाखान्यात ठेवलं आणि ती निघून गेली. बरे झाल्यावर ते आत, डोंगराळ मुलखात कॉफीच्या मळ्यावर मजुरीला गेले आणि वीसेक वर्षं तिथेच राहिले. स्वातंत्र्यानंतर परत आले ते एक पत्र्याची पेटी घेऊन, आमच्या गावात दिलेल्या आपल्या बहिणीच्या पडवीत. थोरांसाठी ते बोटवाले, आम्हा पोरांसाठी आबा. खरं नाव विचारायची वेळ कुणावर आली नाही.

माझं आणि त्यांचं पहिलं बोलणं भांडणानेच झालं. मी चळवळीच्या पत्रकांवर वाढलेला. वडिलांच्या ट्रंकेत धोतरं कमी आणि पत्रकं जास्त. अक्षरओळख मला त्यांवरच झाली. सण म्हणजे कष्टकऱ्याच्या घामाचा धूर, असं माझं पक्कं मत होतं आणि ते मी विचारणाऱ्याला आणि न विचारणाऱ्यालाही सांगत असे. आणि हे गृहस्थ पडवीत बसून कोऱ्या करकरीत सदऱ्याला ठिगळ लावत होते.

“फाटलाय कुठे?” मी विचारलं.

“फाटला न्हाई. सणासाठी लावतोय. तिकडं आगटीच्या सणाला समदी ठिगळाची कापडं घालत्यात. शेरातली मान्संबी. खेडवळाचं सोंग घ्यायचं आन् नाचायचं.”

“म्हणजे गरिबीची टिंगल.”

त्यांनी दोरा दाताने तोडला. “आसंल. म्या लई इचार केला त्यावर. शेरातला मानूस खेडवळाचं सोंग घेतो. म्या तर खेडवळच. मंग म्या कुनाचं सोंग घिऊ? शेवटी म्हनलं, आपलंच घ्यावं.”

मी खिशातलं एक पत्रक काढून त्यांच्या पुढ्यात ठेवलं. ते तेव्हापासून मला ‘पत्रकवाले’ म्हणू लागले.

त्यांच्या पडवीत कॉफी मिळे. दूध नाही, काळी. पुण्याहून कुणाकडून तरी बिया मागवायच्या आणि भाकरीच्या तव्यावर भाजायच्या. सुरुवातीला वास आला की शेजारपाजारच्या बायका आपापल्या चुलीवर काही करपलं का ते बघायला धावायच्या. नंतर सवय झाली. ती कॉफी प्यायला खरं तर कुणाला आवडत नसे, पण बोटवाल्यांचं बोलणं ऐकायचं तर पेला हातात धरावा लागे. माणूस कढत पेला घेऊन बसला की मधेच उठत नाही, असा त्यांचा हिशेब होता.

सांगायचे ते बहुतेक सणांचंच. बोटीतल्या भट्टीबद्दल, तापाबद्दल, मळ्यावरच्या मुकादमाबद्दल विचारलं तर “व्हतं की” म्हणून उडवून द्यायचे. पण निशाण घेऊन, मुखवटे घालून घरोघर गात हिंडणाऱ्या टोळ्या, त्यांना कुणी कुठल्या घरी काय खायला घातलं, हे काल पाहिल्यासारखं सांगत. एकदा त्यांनी बायकांना तिकडच्या एका संताची गोष्ट सांगितली. लग्न जुळत नसलेल्या पोरी त्या संताची लाकडी मूर्ती पाण्याच्या भांड्यात डोक्यावर उलटी उभी करतात आणि नवरा मिळाल्याशिवाय सुलटी करत नाहीत. ऐकणाऱ्यांत शंकररावांची बायको होती. शंकरराव म्हणजे आमच्या गावातले सगळ्यात मोठे जमीनदार. ती आम्हा सगळ्यांची काकी. रीतीभातीला फार कडक बाई. ती पदर तोंडाला लावून म्हणाली, “आमच्या धाकलीसाठी मारुतीला उलटा करावा का वो?”

बोटवाले गंभीरपणे म्हणाले, “नगा करू वैनी. त्यो सोताच बिनलग्नाचा. त्याला त्यातलं काय कळतंय.”

पडवी हसली. मीही हसलो, आणि देवाला उलटं उभं करणारा धर्म अगदीच टाकाऊ नसावा असं मनात नोंदवून ठेवलं.

तिकडचा मोठा सण जून महिन्यात. परत आल्यावर पहिल्याच वर्षी त्यांनी तो इथे करायचं ठरवलं. जूनच्या शेवटाला, मुळशीत, उघड्यावर आगटी, म्हणजे मोठी शेकोटी. पाऊस एवढा की लाकडं वाहून ओढ्याला गेली. गावाला वर्षभर पुरेल इतकं हसू मिळालं. महिनाभराने एक दिवस बोटवाले पडवीतून उठून चावडीवर आले आणि म्हणाले, “चूक माझीच. तिकडं जूनमंदी थंडी आसती. समद्यात लांब रात. सनानं रुतू बगायचा आसतो, तारीख न्हाई.” आणि त्यांनी सण उचलून सहा महिने पुढे, पौषात नेऊन ठेवला. एखाद्या देशाचा सण इतक्या सहज हलवणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. आमचे पंचांगवाले चार घटकांसाठी भांडतात.

पौषात भाताची झोडणी झालेली असते, माणूस मोकळा असतो, थंडी कडक असते. दिवेलागणीला खळ्यावर आगटी पेटायची आणि जेवणवेळेच्या आत निवायची. पेंढा जाळायला मी विरोध केला. पेंढा म्हणजे गुरांच्या तोंडचा घास. त्यांनी तो मुकाट मानला आणि धसकटं, तूस, वाळल्या काटक्या एवढ्यावरच आगटी चालवली. जाळात रताळी आणि शेंगा. मग नाच. रांगेने जोड्या फिरत आणि बोटवाले ठिगळांच्या सदऱ्यात, पेंढ्याची टोपी घालून मधे उभे राहून ओरडत, “साप आला.” सगळ्यांनी उलटं फिरायचं. “खोटं हाय.” पुन्हा सुलटं. “पूल पडला.” उलटं. “खोटं हाय.” पुढेपुढे गावाला याची इतकी गोडी लागली की चावडीवर कुणी काही बातमी आणली तर मागून कुणीतरी हळूच “खोटं हाय” म्हणायचं.

शेवटी खोटं लग्न. मिशीवाली नवरी, पळून जाणारा नवरा, काठी घेऊन त्याच्या मागे सासरा. भटाचं काम त्यांनी मला दिलं. मी तत्त्वाने नाही म्हटलं. ते म्हणाले, “तिकडं भट दारू प्यालेला दाखवत्यात.” मग मी तत्त्वानेच हो म्हटलं.

पहिल्या पौषाच्या आधी मी त्यांना विचारलं होतं, गावकुसाबाहेरच्या वस्तीला बोलावणार आहात की नाही. आगटीही होळीसारखी गावाची वेगळी, वस्तीची वेगळी पेटणार असेल तर मी येणार नाही. त्यांनी मला थांबवलं. “तू बोलावलंस तर गाव म्हनंल भांडान काढतोय. म्या बोलावलं तर म्हनंल बोटवाला येडा हाय. येड्याचा राग कुनी धरत न्हाई. म्याच जातो.” आणि गेले. वस्तीतले लोक आले. गावातून कुणी हरकत घेतली नाही. आपलं वेड त्यांना पुरतं ठाऊक होतं, आणि अवजार वापरावं तसा ते त्याचा वापर करत, असं मला तेव्हापासून वाटत आलं आहे.

या सणातली त्यांची सगळ्यात आवडती रीत म्हणजे इवाई होणं. तिकडे दोन माणसं आगटीभोवती हात धरून तीन फेऱ्या घेतात आणि जन्माचे नातलग होतात. लग्न नाही, रक्त नाही, फक्त जाळ. त्या नात्याला आपल्याकडे काय म्हणावं याचा त्यांनी पुष्कळ खल केला. भाऊ म्हणावं तर भाऊ बांधासाठी भांडतात. मित्र म्हणावं तर मित्र एकेरीवर येतात. शेवटी त्यांना व्याही सापडला. आमच्याकडे व्याह्याला म्हणतात इवाई. इवायाला कुणी ‘तू’ म्हणत नाही. इवाई दारात आला की आधी पाणी, मग बसायला घोंगडी, मग बाकीचं. इवायाविरुद्ध कुणी साक्ष देत नाही. आणि इवाई कधी तोंडाने काही मागत नाही. त्याला काय हवं ते आपण ओळखायचं असतं.

आगटी जरा निवून धूर दाटला की दोन्ही बाजूंनी माणसं उभी राहत. धुरातून हात पुढे करायचा. पलीकडून जो धरील तो आपला इवाई. मग फेऱ्या, आणि फेऱ्यांबरोबर बोल: “जाळानं सांगितलं, लाकडानं ऐकलं, आजपासनं आपुन इवाई.” गाव हा खेळ म्हणून खेळे. दुसऱ्या दिवशी पाणंदीत भेटल्यावर “राम राम इवाई” म्हणून हसत, आणि आठवड्याभरात विसरत.

बोटवाले स्वतः मात्र कधी हात पुढे करत नसत. मी एकदा कारण विचारलं.

“माझा हाय तिकडं,” ते म्हणाले. “खेचरं हाकणारा. काळाभोर गडी. म्या तापातनं उठल्यालो, भाषा येत न्हवती. धुरातनं त्यानं हात धरला. कोन, कुटला, इचारलंबी न्हाई. त्यानंतर मळ्यावर मला कुनी पोटभर खाल्लंस का इचारलं आसंल तर त्यानंच.”

“मग सोडून आलात?”

“भन व्हती हितं. त्योच म्हनला, जावा.”

आता हा खेळ ज्या वर्षी नुसता खेळ राहिला नाही त्या वर्षाबद्दल.

गावाच्या वर डोंगराच्या पठारावर धनगरांची दोन-चार घरं होती. त्यातला दगडूबा पन्नास-साठ शेरडं राखून होता. पठारावरचा झरा माघात आटतो. मग उन्हाळाभर शेरडं रोज खाली ओढ्याच्या डोहावर पाण्याला यायची, आणि ती वाट शंकररावांच्या खाचरांतून जात होती. पिढ्यान्‌पिढ्या कुणाची हरकत नव्हती, कारण भात निघालं की खाचरं मोकळीच. पण त्या वर्षी शंकररावांनी ऑइल इंजिन आणलं. ओढ्याचं पाणी खाचरांत चढलं, भातामागे हरभरा उभा राहिला, आणि मार्गशीर्षातच त्यांनी डोंगराच्या अंगाला काट्यांचं कुंपण घातलं. हरभरा आणि शेरडू एका रानात नांदत नाही हे खरं. पण दुसरी वाट म्हणजे डोंगराला वळसा घालून घोटावडे गावाच्या अंगाने खाली उतरायचं. तेवढं गाभण शेरडाला झेपत नाही. वाट उघडली नाही तर होळीच्या आत शेरडं बाजारात काढायची आणि बायकोपोरांसह रस्त्याच्या खडीवर जायचं, एवढंच दगडूबाच्या हातात होतं.

मी अर्थातच पत्रक लिहिलं. ‘काट्यांमागचा काळा कायदा’ असं त्याचं नाव होतं. शंकररावांनी ते चावडीवर स्वतः मोठ्याने वाचून दाखवलं आणि म्हणाले, “अक्षर झ्याक हाय पोराचं.” कुंपण होतं तिथेच राहिलं.

पौषातली आगटी आली. शंकरराव जरा घेऊन आले होते, खुशीत होते. दगडूबा खळ्याच्या कडेला, उजेडाच्या बाहेर उभा. बोटवाल्यांनी त्याला दंडाला धरून आणलं आणि धुराच्या या बाजूला उभं केलं. पलीकडे कोण आहे ते दिसत नव्हतं. मी मात्र कडेने बघत होतो. पलीकडे शंकरराव हात पुढे करून म्हणत होते, “धरा की कुनीतरी. का म्या वंगाळ हाय?”

दगडूबाने हात धरला.

धुरातून दोघं बाहेर आले. शंकररावांनी हाताकडे बघितलं, मग दगडूबाकडे. लोक बघत होते. हात सोडावा तर सगळ्यांदेखत. ते हसले आणि फेऱ्या घेऊन मोकळे झाले. “खेळ हाय,” ते कुणाला तरी म्हणाले.

पठारावरच्या माणसाला हा खेळ आहे हे कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्याकडे जाळासमोर बोललेला शब्द खेळातला नसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी दगडूबा धुतलेलं धोतर नेसून, काखेत करडू आणि खांद्यावर नवी घोंगडी घेऊन शंकररावांच्या दारात उभा राहिला.

“इवाई हायेत का घरात?”

शंकरराव ओसरीवरच होते. “काय रं दगड्या,” एवढं त्यांच्या तोंडून गेलं आणि आतून काकीचा आवाज आला.

“आवो, इवाई दारात उभं हायेत. पानी द्यावा आदी. आन् एकेरी काय बोलताय?”

ती स्वतःच तांब्या घेऊन बाहेर आली. आदल्या संध्याकाळी तिने फेऱ्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. तिच्या लेखी प्रश्न मिटलेला होता. घोंगडी अंथरली गेली. दगडूबा बसला. शिरा झाला. करडू घेतल्यावर रिकाम्या हाताने इवायाला परत पाठवता येत नाही, म्हणून काकीने त्याच्या बायकोसाठी खण दिला, ओटीचं दिलं. दगडूबाने पाऊसपाणी विचारलं, इंजिन कसं चालतं ते विचारलं, पोरीच्या लग्नाचं विचारलं. वाटेचा शब्द काढला नाही. उठताना म्हणाला, “येतो इवाई. तुमीबी या कंदी वर.”

शंकरराव त्याच्या मागण्याची वाट बघत होते. नकार त्यांच्या जिभेवर तयार होता. मागणं आलंच नाही.

माघ लागला. झरा आटला. दगडूबा वळशाच्या वाटेने शेरडं नेऊ लागला. दोन गाभण शेरडं चालून चालून गाभडली. पाणंदीत शंकरराव भेटले की तो डोक्याचं मुंडासं नीट करायचा आणि म्हणायचा, “बरं हायसा नव्हं, इवाई?” शंकररावांना आता “व्हय, तुमी कसं हाय?” म्हणावं लागे, कारण कुणीतरी नेहमी ऐकत असे. ज्या माणसाला त्यांच्या घराण्यात कुणी कधी ‘तुम्ही’ म्हटलं नव्हतं, त्याला ते रोज म्हणत होते. माझ्या कुठल्याही पत्रकाने हे झालं नसतं, हे मी मान्य करतो. पण शेरडांची ‘तुम्ही’ने तहान भागत नाही, हेही मी बोटवाल्यांना सांगितलं.

“वाट हा त्याचा हक्क आहे, आबा. इवायाची मेहरबानी नव्हे.”

“हक्कच हाय. म्या कुटं न्हाई म्हनतोय? तू आर्ज कर मामलेदाराला.”

“केला आहे.”

“लई चांगलं. त्याचा निकाल यीस्तवर शेरडांनी कुटं पानी प्यायचं, तेवडं म्या बगतो.”

हे बोलणं चालू असतानाच शंकरराव पडवीत आले. बोटवाल्यांनी त्यांच्या हातात कढत पेला दिला. एक घोट घेऊन त्यांनी तोंड वाकडं केलं.

“बोटवाले, ह्ये इवाईपन मोडायचं कसं?”

“मोडतंय की. त्याच आगटीच्या जागंवर दोगांनी उलट्या फेऱ्या मारायच्या. समदा गाव बोलवायचा.”

“मारतो.”

“आन् कारन सांगायचं, मोठ्यानं. आमक्या कारनापायी म्या इवाई सोडतोय म्हून.”

शंकरराव पेल्यात बघत राहिले. “काय कारन सांगू?”

“आता ते म्या कसं सांगनार? इवाई तुमचा.”

“त्यो काय मागतबी न्हाई वो. मागितलं आस्तं तर न्हाई म्हनलो आस्तो, सुटलो आस्तो.”

“मंग तेच सांगा. काय मागत न्हाई म्हून सोडतोय.”

शंकररावांनी पेला खाली ठेवला आणि ते निघून गेले. ते लांब गेल्यावर मी विचारलं, नातं मोडायची ही रीत खरंच तिकडची आहे का.

“ठाव न्हाई,” बोटवाले म्हणाले. “तिकडं कुनी मोडल्यालं म्या बगितलं न्हाई.”

पुढे पाच-सहा दिवसांनी सकाळी त्यांची बहीण मला बोलवायला आली. बोटवाले आणि मी खाचरांकडे गेलो तेव्हा शंकरराव स्वतः कोयता घेऊन कुंपणाला भिडले होते. बांधाच्या कडेने दोन शेरडं जोडीने जातील एवढी हरभऱ्याची पट्टी उपटलेली होती आणि तिच्या आतल्या अंगाला नवे काटे रोवलेले होते, म्हणजे पीकही राहणार होतं. गडी लांब उभा राहून विचारत होता, मालक, एवढ्या मेहनतीचं कुंपण का मोडताय. शंकरराव मान वर न करता म्हणाले, “इवायाच्या वाटंत काटं ठिवत्यात व्हय?”

बोटवाले बांधावर बसले. मी शेजारी बसलो. माझा अर्ज मी मागे घेतला नाही, घेणारही नव्हतो. पट्टी आज दिली ती उद्या बुजवताही येते. ते मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली.

निरोप वर गेलेला होता. थोड्या वेळाने डोंगराच्या वळणावर घंटा वाजल्या आणि दगडूबा शेरडं घेऊन उतरला. कुंपणाच्या फटीशी येऊन थांबला. शंकरराव आतल्या बाजूला होते. ते बाहेर आले आणि फटीच्या एका अंगाला उभे राहिले.

“या इवाई. व्हा फुडं.”

दगडूबाने मुंडासं सारखं केलं. “छ्या. रान तुमचं. तुमी व्हा फुडं.”

“वाट तुमची. तुमी व्हा.”

“आसं कसं? इवायाच्या आदी कसं जायाचं?”

“मंग म्या तरी कसं जाऊ?”

दोघंही हात पसरून एकमेकांना वाट दाखवत उभे होते. दोघांच्याही चेहऱ्यावर हसू नव्हतं. मागे शेरडांची दाटी झाली. एक काळी शेळी दोघांच्या मधून मान घालून आत शिरली, तिच्या मागे दुसरी, मग सगळा कळप त्यांच्या धोतरांना घासत बांधाच्या कडेने डोहाकडे निघाला.

बोटवाले उठले, मागची माती झटकली.

“चला पत्रकवाले,” ते म्हणाले. “शेरडं पानी पिऊन माघारी येतील तरी ह्यांचं चालूच आसंल.”